किरुनाची नगरसभा निवडणूक : खाणीच्या गावात मताला किती वजन?

मूळ लेखन (किरुना येथून)

येत्या १३ सप्टेंबर २०२६ रोजी स्वीडनमध्ये निवडणुका आहेत आणि त्या दिवशी मी किरुनाच्या नगरसभेसाठी पहिल्यांदाच मत देणार आहे. माझे नागरिकत्व अजून भारतीयच आहे, त्यामुळे संसदेसाठी मला मत नाही. परंतु युरोपीय संघ, नॉर्वे आणि आइसलँड यांच्याबाहेरून आलेल्या माणसालाही, सलग तीन वर्षे येथील लोकसंख्या नोंदणीत राहिल्यानंतर, नगरपालिका आणि प्रांत या दोन्ही पातळ्यांवर मतदान करता येते, इतकेच नव्हे तर नगरसभेला उभेही राहता येते. परकीय रहिवाशांना हा हक्क १९७६ च्या निवडणुकीपासून आहे. येथील आपल्या लोकांशी बोलताना मात्र असे जाणवते की हा हक्क आपल्याला आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते ते म्हणतात, "नगरपालिकेत काय आहे? शाळा, कचरा आणि बर्फ काढणे." त्यांच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे, आणि असहमतीचे कारण सविस्तर सांगावे म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना या शहराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. किरुना आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे १४५ किलोमीटर उत्तरेस आहे. नगरपालिकेचे क्षेत्र सुमारे २०,००० चौरस किलोमीटर असून क्षेत्रफळाने ती स्वीडनमधील सर्वांत मोठी नगरपालिका आहे. लोकसंख्या मात्र जेमतेम बावीस-तेवीस हजार. हे शहर १९०० साली वसले ते केवळ किरुनावारा डोंगरातील लोहखनिजामुळे. एलकेएबी ही खाण कंपनी त्याआधीच, १८९० मध्ये, स्थापन झाली होती. तिचे किरुनातील पहिले व्यवस्थापक यालमार लुंडबूम हे भूगर्भशास्त्रज्ञ होते, आणि मजुरांच्या झोपड्यांची बेशिस्त वस्ती उभी राहू नये म्हणून त्यांनी नगररचनाकाराकडून आराखडा करून घेतला. उताराच्या वळणांप्रमाणे वळत जाणारे रस्ते वाऱ्याचा जोर मोडत, असा त्यामागचा विचार होता. नव्या वस्तीत उघड्यावर उभे राहून बसची वाट पाहताना मला त्या आराखड्याचे मोल अनेकदा पटले आहे.

ही खनिजाची शिळा शहराच्या दिशेने तिरकी खाली उतरत जाते. जसजसे खोलवर खणले जाते, तसतशी वरची जमीन भेगाळते आणि खचते. २००४ मध्ये कंपनीने नगरपालिकेला तसे लेखी कळवले आणि तेव्हापासून या शहराच्या राजकारणाचा विषय एकच आहे : शहर हलवायचे कसे, कोठे आणि कोणाच्या खर्चाने. जुने केंद्र सोडून सुमारे ३ किलोमीटर पूर्वेला नवे केंद्र उभे राहिले. क्रिस्टालेन हे नवे नगरभवन २०१८ मध्ये सुरू झाले, नव्या केंद्राचे उद्‌घाटन सप्टेंबर २०२२ मध्ये झाले, आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले, ६७२ टन वजनाचे लाकडी चर्च १९ व २० ऑगस्ट २०२५ या दोन दिवसांत सबंधच्या सबंध उचलून पाच किलोमीटर दूर नेण्यात आले. मी त्या गर्दीत होतो. शेजारच्या आजींचे लग्न त्याच चर्चमध्ये झाले होते; त्या पूर्ण वेळ एक शब्दही बोलल्या नाहीत.

त्यानंतर दहा दिवसही झाले नव्हते, तोच २८ ऑगस्टला कंपनीने जाहीर केले की आणखी सुमारे २,७०० घरे आणि ६,००० माणसे या स्थलांतरात येणार आहेत. ज्यांना आजवर वाटत होते की आपली गल्ली सुरक्षित आहे, अशी ही माणसे आहेत. म्हणजे येत्या चार वर्षांची नगरसभा हे ठरवणार आहे की या लोकांसाठी नवी वस्ती कोठे होईल, तेथे शाळा आधी होईल की घरे, आणि वाटाघाटींच्या टेबलावर नगरपालिका कोणती अट सोडणार नाही. हे सारे "शाळा, कचरा आणि बर्फ" यांत बसत असेल, तर मग राज्यकारभारात उरते तरी काय?

आपल्यापैकी कोणी स्वीडनमधील इतर गावांत नगरसभेसाठी मतदान केले असेल, मतदान केंद्रावर काम केले असेल, किंवा माझ्या या समजुतीत चूक दिसत असेल, तर अवश्य लिहावे.

प्रतिसाद १ (गोथेनबर्ग येथून)

लेखन आवडले, पण एक मूलभूत शंका आहे. एलकेएबी ही सरकारी मालकीची कंपनी आहे. युरोपीय संघात निघणाऱ्या लोहखनिजापैकी सुमारे ८० टक्के खनिज ती एकटी काढते. खाणकामाचा परवाना देशाचे खाण निरीक्षक कार्यालय देते, पर्यावरणाची परवानगी न्यायालय देते, आणि खनिजाचे क्षेत्र "राष्ट्रीय हिताचे" म्हणून आधीच राखून ठेवलेले असते. एवढ्या साखळीत बावीस हजारांच्या गावाची नगरसभा "नाही" म्हणू शकते का? म्हणू शकत नसेल, तर निवडणूक कोणीही जिंकली तरी परिणाम एकच होईल, आणि लोकांची उदासीनता चुकीची ठरत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

आपला प्रश्न रास्त आहे आणि मीही बराच काळ याच मताचा होतो. मत बदलले ते एका कायदेशीर तरतुदीमुळे. स्वीडनमध्ये जमिनीच्या वापराचा तपशीलवार आराखडा मंजूर करण्याचा अधिकार फक्त नगरपालिकेला आहे; येथील लोक त्याला "नियोजनाची मक्तेदारी" असेच म्हणतात. खाणीचा परवाना अशा मंजूर आराखड्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. म्हणून ज्या भागात घरे आहेत, त्या भागाचा आराखडा नगरसभेने मतदान करून बदलल्याशिवाय ती जमीन खाणीकडे जात नाही. आज खाण आणि शहर यांच्यामध्ये जो हिरवा पट्टा आहे, ज्याला खाणनगर उद्यान म्हणतात, तोसुद्धा अशाच आराखड्यांतून टप्प्याटप्प्याने आला आहे. आधी घरे रिकामी होतात, मग काही काळ ती जागा बाग म्हणून वापरली जाते, आणि शेवटी कुंपण पुढे सरकते.

आता, नगरसभा "नाही" म्हणेल का? म्हणणार नाही, आणि म्हणावे असे येथे फार थोड्या लोकांना वाटते, कारण खाण बंद पडली तर गावच उरणार नाही. परंतु "हो" केव्हा म्हणायचे आणि कशाच्या बदल्यात म्हणायचे, हे तिच्या हातात आहे. सारी सौदाशक्ती या एका सहीत आहे. ती सही करणारे लोक कोण, त्यांना हिशेब समजतो का, आणि त्यांच्यावर दबाव आला तर ते टिकतात का, हे निवडणूक ठरवते.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. नगरपालिकेचे मुख्य उत्पन्न रहिवाशांच्या प्राप्तिकरातून येते. कंपनीच्या नफ्यावरचा कर राज्याला जातो, उद्योगांच्या मालमत्तेवरचा कर राज्याला जातो, आणि मालक या नात्याने मिळणारा लाभांशही राज्यालाच जातो. त्यात भर अशी की खाणीत कंत्राटावर येणारे अनेक कामगार दक्षिणेकडच्या गावांत नोंदलेले असतात. ते येथे आठवडाभर राहतात, येथील रस्ते, पाणी आणि आपत्कालीन सेवा वापरतात, पण त्यांचा कर त्यांच्या नोंदणीच्या गावाला मिळतो आणि मतही ते तेथेच देतात. यात त्या कामगारांचा दोष नाही. परंतु आपल्या लोकांपैकी जे येथे दोन-तीन वर्षांच्या कामासाठी येऊन नोंदणी करतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे की ते या गावाच्या तिजोरीत भर घालतात, आणि म्हणून तिच्या खर्चाबद्दल विचारण्याचा त्यांना नैतिक अधिकारही आहे.

प्रतिसाद २ (लुलिओ येथून)

मी २०२२ च्या निवडणुकीत आमच्या शहरातील एका मतदान केंद्रावर काम केले होते. पहिल्यांदा मत देणाऱ्यांसाठी व्यवहाराची माहिती लिहितो, कारण चुका तेथेच होतात.

मतपत्रिका तीन रंगांच्या असतात : संसदेची पिवळी, प्रांताची निळी आणि नगरपालिकेची पांढरी. ज्यांना संसदेचे मत नाही त्यांच्या मतदान कार्डावर तसे नमूद असते, आणि त्यांनी फक्त निळी व पांढरी घ्यावी. मत पक्षाला दिले जाते, परंतु छापलेल्या यादीतील एका नावापुढे फुली मारता येते. पक्षाला मिळालेल्या मतांपैकी किमान ५ टक्के फुल्या, आणि नगरपालिकेसाठी किमान ५० फुल्या, ज्याच्या वाट्याला येतात तो उमेदवार यादीतील क्रम ओलांडून वर जातो. मोठ्या शहरात हे कठीण असते. लहान शहरात मात्र थोड्या शेजाऱ्यांनी ठरवून फुली मारली तरी यादीच्या तळाचा माणूस नगरसभेत पोहोचू शकतो. ही गोष्ट लोकांना समजावून सांगितली की त्यांचा चेहरा बदलतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

मुदतपूर्व मतदान निवडणुकीच्या १८ दिवस आधी सुरू होते. ओळखपत्र न विसरता न्यावे. आणखी एक : रुग्णालयाबद्दल राग असेल तर तो पांढऱ्या मतपत्रिकेवर काढून उपयोग नाही, कारण रुग्णालये प्रांत चालवतो आणि उत्तर भागाच्या प्रांताचा कारभार आमच्या लुलिओतून चालतो. शाळा, बालवाडी, वृद्धांची देखभाल, पाणी, सांडपाणी, अग्निशमन आणि नियोजन ही नगरपालिकेची कामे आहेत. मतदान केंद्रावर या दोहोंची गल्लत करणारे लोक मला इतके भेटले की हे लिहिणे आवश्यक वाटले.

थेट निवडून आलेला नगराध्यक्ष येथे नसतो, हेही नव्या माणसाने समजून घ्यावे. नगरसभा कार्यकारी मंडळ निवडते, आणि त्या मंडळाच्या अध्यक्षपदी असलेली व्यक्ती व्यवहारात गावाचा चेहरा बनते. बहुतेक सदस्य आपापली नोकरी सांभाळून, बैठकीच्या भत्त्यावर हे काम करतात. त्यांतली एक सदस्या माझ्या मुलाच्या शाळेत शिकवत होती. सायंकाळी पाचपर्यंत मुलांच्या वह्या तपासून ती रात्री दहापर्यंत अंदाजपत्रक वाचत बसे.

प्रतिसाद ३ (ऊमिओ येथून, पूर्वी किरुनात वास्तव्य)

मी किरुनात २०१६ पासून सात वर्षे भाड्याच्या घरात राहिले. मूळ लेखात घरांची संख्या आली आहे, पण घर सोडणाऱ्यांमध्येही दोन वर्ग आहेत, हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते.

ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांना कंपनी बाजारभाव अधिक २५ टक्के, किंवा बदल्यात नवे घर, असा पर्याय देते. बाजारभाव नेमका कोणता यावर वाद होतात, तरीही हातात काहीतरी येते. भाडेकरूच्या हातात येते ते नवे घर आणि नवे भाडे. आमची इमारत जुनी होती, खिडक्यांतून वारा येत असे, पण भाडे परवडत होते आणि चालत पाच मिनिटांवर सर्व काही होते. नव्या इमारतीतील घर उत्तम होते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. परंतु वाढीव भाडे टप्प्याटप्प्याने लागू होणार असले तरी शेवटी ते पूर्ण भरावेच लागणार होते, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी त्याच कारणासाठी गाव सोडले. लहान दुकानदारांचेही असेच झाले. जुन्या गल्लीतील गाळा आणि नव्या चौकातील गाळा यांच्या भाड्यांतील फरक केवळ मायेने भरून निघत नाही.

माझ्या मते निवडणुकीत विचारण्याचा प्रश्न हाच आहे. नगरपालिकेची स्वतःची गृहनिर्माण कंपनी आहे. तिचे संचालक नगरसभा नेमते. मग पुढील २,७०० घरांमध्ये भाड्याची घरे किती असतील आणि त्यांच्या भाड्याची मर्यादा कोण ठरवणार, हे प्रत्येक पक्षाने मतदानाआधी लेखी सांगितले पाहिजे. मी राहत होते त्या काळात असे लेखी उत्तर मला एकाही पक्षाकडून मिळाले नाही, तोंडी आश्वासने मात्र सर्वांनी दिली.

जुन्या नगरभवनाबद्दल एक आठवण. १९६३ साली सुरू झालेली ती इमारत आतून एखाद्या मोठ्या दिवाणखान्यासारखी होती, लोक तेथे काम नसतानाही उबेला येऊन बसत. तिचा लोखंडी घड्याळमनोरा आता नव्या नगरभवनाशेजारी उभा आहे. चौकात पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मला क्षणभर दिशाच समजेना, कारण इतकी वर्षे त्याच्याकडे पाहूनच मी घरचा रस्ता ओळखत होते.

प्रतिसाद ४ (स्टॉकहोम येथून)

चर्चेत सामी, म्हणजे या उत्तर भागातील मूळ रहिवासी, लोकांचा उल्लेख अजून आला नाही, याचे आश्चर्य वाटले. किरुना हे नावच उत्तर सामी भाषेतील "गिरोन" म्हणजे हिमकुक्कुटासारख्या पांढऱ्या पक्ष्याच्या नावावरून आले आहे. त्या प्रदेशात शहर आणि खाण येण्यापूर्वीपासून रेनडिअरपालन चालते. स्वीडनच्या सामी संसदेचे उद्‌घाटन १९९३ मध्ये किरुनातच झाले. तिचे ३१ सदस्य असतात, आणि तिच्यासाठी वेगळी मतदार नोंदणी व वेगळी निवडणूक होते.

जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने किरुनाजवळच्या पेर यायेर या साठ्यात दुर्मीळ मृदा धातूंची दहा लाख टनांहून अधिक ऑक्साइडे असल्याचे जाहीर केले, तेव्हा युरोपभर आनंद व्यक्त झाला. परंतु गाब्ना या सामी पशुपालक समुदायाच्या दृष्टीने तो साठा नेमका अशा जागी आहे, जेथून त्यांचे कळप उन्हाळी आणि हिवाळी कुरणांमध्ये ये-जा करतात. जुनी खाण, शहर, रेल्वे आणि महामार्ग यांनी ती वाट आधीच अरुंद केली आहे. नवे शहर पूर्वेकडे सरकते तेव्हा ते रिकाम्या जमिनीवर सरकत नाही. मग किरुनाच्या मतदाराने केवळ आपल्या घराचा आणि भाड्याचा विचार करून मत देणे पुरेसे आहे का?

मूळ लेखकाचे उत्तर

आपण लिहिले ते माझ्या मूळ लेखात असायला हवे होते, आणि ते राहून गेले ही माझी चूक मी मान्य करतो. सामी संसद ही लोकनियुक्त संस्था असली तरी त्याच वेळी ती सरकारी खातेही आहे, आणि जमिनीच्या आराखड्यावर तिला नकाराधिकार नाही. त्यामुळे पशुपालकांचा आवाज त्या आराखड्यांपर्यंत पोहोचवायचा असेल, तर नगरसभेतील जागा महत्त्वाच्या ठरतात. सामी यादी या नावाचा स्थानिक पक्ष येथील नगरसभेत राहिलेला आहे, तो त्यामुळेच. येथे उत्तर सामी, फिनिश आणि मेआनकिएली या तिन्ही अल्पसंख्याक भाषांत नगरपालिकेशी व्यवहार करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तीनही भाषांत बोलणाऱ्या वृद्ध बाई देखभाल केंद्रात मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा कर्मचारी नेमायचा की नाही, हेही शेवटी अंदाजपत्रकातील एका ओळीवर अवलंबून असते.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर : नाही, पुरेसे नाही. नव्या वस्तीसाठी जागा निवडताना ज्या नकाशावर खनिज, रेनडिअरची वाट, संरक्षण खात्याची जमीन आणि राज्याच्या मालकीची जमीन हे सगळे रंग एकमेकांवर चढलेले असतात, तो नकाशा प्रत्येक उमेदवाराने सभेत समोर ठेवून बोलावे, अशी माझी मागणी आहे. गेल्या महिन्यात मी नगरपालिकेकडे या विषयावरील बैठकांची इतिवृत्ते मागितली. सरकारी कागद कोणालाही पाहता यावेत हे तत्त्व या देशात १७६६ पासून कायद्यात आहे, आणि मला माझे नाव किंवा हेतू, दोन्हींपैकी काहीही विचारले गेले नाही. चौथ्या दिवशी कागद ईमेलने आले. भाषा अवघड आहे, पण शब्दकोश घेऊन बसले तर समजते.

ऊमिओच्या ताईंनी सुचवलेला भाड्याच्या घरांचा प्रश्न मी लेखी स्वरूपात सर्व पक्षांना पाठवत आहे, आणि त्यासोबत दोन प्रश्न माझे : पुढील आराखडा मंजूर करण्यापूर्वी शाळेची जागा निश्चित झालेली असेल का, आणि कंत्राटी कामगारांनी येथे नोंदणी करावी म्हणून त्यांच्या कुटुंबांसाठी घरे राखून ठेवली जातील का. ज्या पक्षांकडून उत्तर येईल त्यांचे उत्तर मराठीत भाषांतर करून याच धाग्यात देईन. येल्लिवारेतील कोणी वाचत असेल, तर माल्मबेरिएत हे तेथील खाणगाव हलवताना नगरपालिकेने भाडेकरूंसाठी काय केले, ते कृपया लिहावे. मला ते ऑगस्टमधील मुदतपूर्व मतदानाच्या आत हवे आहे.